पदर, स्टँड आणि इंदूरचे बोलके सायकलवाले

इंदूरला मी गेले तेव्हा ते मध्यभारतात होतं. आज नकाशात मध्यभारत शोधाल तर सापडायचं नाही. तेव्हाची मीही आता कुठे सापडायची नाही, आणि हे दुसरं झालं ते जगाच्या दृष्टीने फार बरं झालं.

तेव्हाची मी म्हणजे विशीतली, पुण्याची, रोज सायकलवर कॉलेजात जाणारी, आणि सायकल हा प्रकार आमच्याच पेठेत निघाला अशा थाटात वावरणारी. माझं नाक इतकं वर असायचं की रस्त्यातला खड्डा मला कधी दिसला नाही. खड्ड्यांनीच मला पाहून घेतलं.

माझ्या माईमावशीने मला इंदूरला बोलावून घेतलं ते याच कीर्तीमुळे. तिची मुलगी कुसुम माझ्याहून दोन वर्षांनी लहान. तिला तुकोगंजातल्या एका मुलींच्या शाळेत शिकवायची जागा मिळत होती, दिवाळीनंतर रुजू व्हायचं होतं. घर जुनी इंदूरमध्ये, म्हणजे गावाच्या दुसऱ्या अंगाला. तोवर कुसुमला कुठेही जायचं असलं की तिचे वडील, अण्णा, स्वतः सोडायचे आणि स्वतः आणायचे. पण मध्यभारताला तेव्हा दोन राजधान्या होत्या, उन्हाळ्यात इंदूर आणि हिवाळ्यात ग्वाल्हेर. सरकार आपल्या फायली, कपाटं आणि कारकून घेऊन वर्षातून दोनदा गाव बदलायचं. अण्णा त्या कारकुनांतले. दिवाळी झाली की ते ग्वाल्हेरला जाणार, मग कुसुमला शाळेत सोडणार कोण?

कुसुम म्हणाली, सायकल. अण्णा म्हणाले, बघू.

मावशीला ते ‘बघू’ चांगलं ओळखीचं होतं. त्याचं ‘नको’ व्हायच्या आत तिने मला बोलावलं. सायकलवर गेलेली मुलगी धडधाकट घरी येते, एवढं मी अण्णांना प्रत्यक्ष दाखवायचं होतं. मी तर माझी सायकलच सामानाच्या डब्यात घालून घेऊन गेले. खंडव्याला गाडी बदलून, पाताळपाणीचा घाट चढून आम्ही दोघी इंदूरला उतरलो, तेव्हा दोघींत सायकल जास्त टवटवीत दिसत होती.

जुनी इंदूर

पहिल्या सकाळी मावशीने पोहे पुढे ठेवले. वाफेवरचे, गोडसर, मध्येच दाताखाली येणारी बडीशेप, वर मूठभर शेव, आणि शेजारी गरम जिलबी.

“जिलबी कुणाच्या लग्नाची?” मी विचारलं.

“आधी खाऊन तर बघ, ताई, मग बोल,” कुसुम म्हणाली.

मी खाऊन बघितलं. घरच्या पोह्यांविषयी त्यानंतर मला मनापासून चांगलं बोलता आलं नाही, आणि आमच्या आईने त्याबद्दल मावशीला शेवटपर्यंत माफ केलं नाही.

अण्णा समोरच जेवायला बसायचे. उंच, काळी टोपी, बंद गळ्याचा कोट, पांढरंशुभ्र धोतर. संस्थान होतं तेव्हा ते दरबारच्या कचेरीत होते. संस्थान गेलं, कचेरी गेली, पण अण्णांची बसायची पद्धत दरबारचीच राहिली. सायकलवरसुद्धा ते तसेच बसत, पाठ ताठ, डावीउजवीकडे न बघता. त्यांनी कुणाचा सल्ला विचारलेला मावशीने लग्नापासून ऐकला नव्हता.

त्याच दिवशी मी कुसुमला घेऊन बाहेर पडले, मी माझ्या सायकलवर, ती शेजारून मागून आणलेल्या. निघण्यापूर्वी तिला नियम सांगितले. “पहिला नियम, रस्त्यावर कुणाकडे बघायचं नाही. दुसरा नियम, कुणी बोललं तर ऐकू आलं नाही असं दाखवायचं.”

“मग इंदुरात सायकल कशी चालवणार?” कुसुमने विचारलं.

मी तिची कीव केली.

गल्लीच्या तोंडाशी पोचेपर्यंत एक जण ओरडला, “बेनजी, स्टँड नीचे है.” बाजाराच्या वळणावर दुसरा, “बेनजी, पिछले चक्के में हवा कम है.” ओसरीवर सुपारी कातरत बसलेल्या एका आजोबांनी तर मराठीत सांगितलं, “बाळ, तुझी सीट उंच आहे गं, पाय पुरत नाहीयेत.” माझा संताप वाढत चालला. पुण्यात शेजारून जाणारा सायकलवाला म्हणजे शेजारून जाणारी सायकल. वर कोण बसलंय याची चौकशी तो आपल्याला धडकल्यावर.

“हे काय चाललंय?” मी कुसुमला विचारलं.

“अगं, सगळ्यांनाच बोलतात. त्यात बुरं काय मानायचं?”

इतक्यात मागून एक जण जोरात पॅडल मारत माझ्या बरोबरीला आला. “बेनजी. ओ बेनजी.”

मी माझ्या खास पुणेरी हिंदीत त्याला सुनावलं, “आपके घर में माँ-बहन नहीं है क्या?”

“हैं जी,” तो शांतपणे म्हणाला. “तीन बेन हैं. इसीलिए तो बोल रिया हूँ. पल्ला चक्के में जा रिया है.”

मागे वळून बघायला माझ्याच नियमाची आडकाठी. पुढच्या क्षणाला पदराने मला मागे खेचलं. सायकल थांबली, मी थांबले नाही, आणि रस्त्याकडेच्या भुट्ट्यांच्या ढिगावर जाऊन पडले. तीन बहिणींचा भाऊ उतरला, त्याने आपली सायकल नीट स्टँडवर लावली, आणि मी पदर ओढायला लागले तसा म्हणाला, “खींचो मत, फट जाएगा. चक्का उल्टा घुमाओ.” कुसुमने चाक उलटं फिरवलं. पदर सुटला, काळाभोर होऊन. भुट्टेवालीने आधी मला झटकलं, मग भुट्टे झटकले, आणि त्यातलाच एक भाजून माझ्या हातात दिला.

एवढं झाल्यावर कुठल्याही शहाण्या मुलीने त्या माणसाचे आभार मानले असते. मी घरी आले आणि ताटावर बसल्या बसल्या अण्णांना सगळं सविस्तर सांगितलं. इंदुरात येणारे-जाणारे मुलींना कसे हटकतात, पुण्यात असलं कुणी खपवून घेत नाही, वगैरे. मावशी मला वाढण्याच्या पळीने खुणावत होती. मला वाटलं, आणखी भात हवा का विचारते आहे. मी हवा म्हणाले.

अण्णांनी हातातला घास ताटात ठेवला.

“मी ग्वाल्हेरला निघेपर्यंत तुम्ही दोघी रोज शाळेपर्यंत जाऊन या,” ते म्हणाले. “रोज संध्याकाळी मी विचारीन. रस्त्यात एकाही माणसाने तुम्हाला हटकलं, तर नोकरीचा विषय संपला. कुसुम, तू मला खोटं सांगत नाहीस, म्हणून तुलाच विचारीन.”

ते उठून गेल्यावर मावशी म्हणाली, “काल रात्रीच म्हणाले होते, जाऊ दे पोरीला. आता घे.”

कुसुम रडेल असं मला वाटलं. ती ताटाभोवती बोटाने पाणी फिरवत बसली होती. “ताई, तू मदतीला आलीस ना? मग असं काय करून राहिली? इंदुरात सायकलवाला दुसऱ्याला बोलणार नाही, असा एक दिवस मला दाखव.” मग बोट थांबवून, “पण हटकणं म्हणजे ते आधी बोलतात. आपणच आधी विचारलं तर? मग ते उत्तर झालं ना?”

ही मुलगी शाळेत नाही, कोर्टात शोभली असती.

फाटक

जुनी इंदूरहून तुकोगंजाकडे जाताना वाटेत रेल्वेचं फाटक लागायचं. ते उघडं असतं असं लोक म्हणायचे, मी फारसं पाहिलं नाही. पुण्यात फाटक बंद झालं की माणसं घड्याळाकडे बघतात. इंदुरात एकमेकांच्या सायकलींकडे बघतात. टायर दाबून पाहायचं, घंटी वाजवून पाहायची, चेनला बोट लावून ते हुंगायचं, आणि मग मत द्यायचं. अशा जागी कुणी तोंड उघडायच्या आत आम्ही प्रश्न विचारायचा, असा आमचा बेत.

पहिल्या दिवशी पांढऱ्या साडीतल्या एका नर्सबाई भेटल्या, रोज सायकलवर दवाखान्यात जाणाऱ्या. त्यांनी आमच्याकडे पाहून तोंड उघडलं मात्र, कुसुमने घाईने विचारलं, “बाई, पदराचं काय करावं हो?”

“तेच सांगणार होते,” बाई म्हणाल्या. “पदर समोर घ्यायचा, कमरेला खोचायचा, आणि खोचलेल्या जागी पिन लावायची. नुसता खोचला तर उतारावर सुटतो. निऱ्या डावीकडे सारायच्या, चेन उजवीकडे असते.” मग माझ्या काळ्या पदराकडे बघून, “हे वंगण साबणाने नाही निघायचं. आधी गोडेतेल चोळ, मग साबण लाव. तेलाचा डाग तेलच काढतं.”

मावशीच्या घरी जाऊन केलं. निघालं. पुण्यात माझ्या तीन साड्या असल्याच डागांनी घरात नेसायच्या झाल्या होत्या.

दुसऱ्या बाजूला हंडे लटकावलेली सायकल घेऊन भेरूजी उभे असत, दूधवाले. त्यांना मी विचारलं, “भिया, रूळ ओलांडताना चाक अडकतं, काय करायचं?”

“पटरी सीधी काटो, तिरछी नहीं,” ते म्हणाले. “चक्का पटरी के सामने सीधा आना चइये. और डर लगे तो उतर जाओ, उतरने में किसकी नाक कटती है?” त्यांनी माझ्या नाकाकडे का पाहिलं कोण जाणे. तांग्याच्या पुढे जाताना घोड्याचे कान बघावेत, कान मागे गेले की आपणही मागे राहावं, हेही त्यांनीच सांगितलं. मात्र चेनला तूप लावलं की आवाज होत नाही हा त्यांचा सल्ला आम्ही घेतला नाही, कारण त्यांच्या सायकलमागे जुनी इंदूरची सगळी कुत्री धावताना आम्ही पाहिली होती.

असे दिवस चालले. सकाळी निघण्यापूर्वी आम्ही हवा, चेन, ब्रेक, पिन, दिवा सगळं तपासायचो, म्हणजे कुणाला बोलायला जागाच उरू नये. तरी उरायची. एकदा एक गृहस्थ आमच्या दिशेने वळून घसा साफ करायला लागले. कुसुम झटकन म्हणाली, “भिया, माझी चेन ढिली वाटते का?”

ते हिरमुसले. “वोई तो बोलने वाला था.”

फाटक उघडलं की पलीकडे तुकोगंज. रुंद रस्ते, दुतर्फा झाडं, बंगल्यांच्या कुंपणांवरून बाहेर आलेल्या वेली. तिथे सायकल आपोआप हळू व्हायची. शाळेच्या दारापर्यंत जाऊन कुसुम एक पाय जमिनीला टेकवून आत बघत राहायची. परतताना कधी कचोरी, कधी दाट दुधाळ शिकंजी. पुण्यात शिकंजी मागितली तर लिंबूपाणी आलं असतं. एकदा आम्हाला उशीर झाला आणि गिरण्यांचा भोंगा झाला. कामगारांच्या सायकली रस्ताभर पसरत आल्या, हँडलला डबे, केसांत कापूस. इतक्या सायकली आणि एकाचं चाक दुसऱ्याला लागत नव्हतं, कारण प्रत्येक जण शेजारच्याला काही ना काही सांगत होता. ‘बाजू भिया’, ‘आगे गड्ढा’, ‘तेरा डब्बा गिर रिया है’. मी त्या लोंढ्यात सापडले आणि आयुष्यात पहिल्यांदा मला गर्दीत सायकल चालवायची भीती वाटली नाही.

रोज संध्याकाळी अण्णा विचारायचे, “आज कुणी हटकलं?”

“नाही, अण्णा,” कुसुम सांगायची. आणि ते अक्षरशः खरं असायचं.

मग एका संध्याकाळी ते म्हणाले, “परवा मी ग्वाल्हेरला निघतो. उद्या तुमच्या मागून येईन.”

अण्णा मागे असताना

अण्णांच्या देखत आम्ही रस्त्यातल्या लोकांना आपण होऊन प्रश्न विचारणं शक्यच नव्हतं. पण कुसुमने आधीच नर्सबाईंना सगळी हकिकत, काळ्या टोपीतले अण्णा एक दिवस स्वतः मागून येतील या शंकेसकट, सांगितली होती, आणि फाटकावर एकाला सांगितलेली गोष्ट एकाकडे राहत नाही.

दुसऱ्या दिवशी फाटकाशी पोचलो तर तिथे देवळात असते तशी शांतता. नर्सबाई आपल्या घंटीकडे बघत होत्या. भेरूजी ओठ आवळून आभाळाकडे. घसा साफ करणाऱ्या गृहस्थांनी तर तोंडात पान भरून ठेवलं होतं. सगळं फाटक कुसुमच्या नोकरीसाठी गप्प उभं होतं, आणि गप्प राहणं त्यांना किती जड जात होतं ते त्यांच्या चेहऱ्यांवर दिसत होतं. मला फार भरून आलं. माझ्या सायकलचा स्टँड खाली लोंबतो आहे आणि ते सगळे तोच बघत आहेत, हे मला नंतर कळलं.

अण्णा आमच्या मागे, ताठ. कुणाकडे बघणं नाही.

गाडी गेली, फाटक उघडलं. आम्ही दोघी रूळ सरळ ओलांडून पलीकडे गेलो. कुसुमने मागे वळून पाहिलं. अण्णा एका तांग्याला वाट देत तिरके येत होते, आणि धोतराचा सोगा सुटून चेनशी लोंबत होता.

सगळं फाटक ते बघत होतं. भेरूजींचा हात वर गेला आणि तसाच राहिला. बोलावं तर मुलीची नोकरी जाईल, म्हणून कुणी बोलेना. मी कुसुमकडे पाहिलं. आता तोंड मिटून पुढे गेली असती तर संध्याकाळी ‘नाही, अण्णा’ म्हणता आलं असतं.

“अण्णा, सोगा,” ती ओरडली. “चेनमध्ये चाललाय.”

अण्णांनी ऐकू आलं नाही असं दाखवलं. माझा दुसरा नियम त्यांनी कुणी न शिकवता पाळला. चाक रुळाच्या खाचेत गेलं, सोगा चेनमध्ये गेला, आणि अण्णा रुळांच्या मधोमध उभे राहिले, एका हातात हँडल, दुसऱ्या हातात उरलेलं धोतर.

आणि मग फाटक फुटलं. इतका वेळ दाबून ठेवलेलं सगळं एकदम बाहेर आलं. “दादासाब, खींचो मत.” “टोपी संभालो.” “पीछे लो, पीछे.” “अरे, बेन को करने दो.” कुसुम सायकल टाकून धावली, अण्णांपाशी खाली बसली आणि पॅडल उलटं फिरवायला लागली, हळूहळू, एका हाताने सोगा धरून. नर्सबाई सायकल तोलून उभ्या राहिल्या, भेरूजींनी मागचं चाक उचललं. फाटकवाला हिरवं निशाण हातात घेऊन खोळंबलेल्या तांग्यांवर ओरडत राहिला. सोगा सुटला. फाटला नव्हता.

गर्दी पांगताना भेरूजी माझ्याजवळून गेले. त्यांना आणखी राहवेना. “और बेनजी, आपका स्टँड कब से नीचे है.”

अण्णांनी ते ऐकलं.

सोगा खोचून ते पुन्हा सायकलवर ताठ बसले. तुकोगंजापर्यंत आले, शाळेचं दार पाहिलं, परत फिरले. संध्याकाळी जेवताना मावशीने वाढलं, कुणी काही मागितलं नाही. मी भात नको म्हणाले, तेही न विचारता.

“आज कुणी हटकलं?” अण्णांनी विचारलं.

कुसुमने मान वर केली. “हो, अण्णा. सगळ्यांनी. पण आधी मी बोलले.”

अण्णांनी पानातला भात संपवला. कुसुमचं ताट तसंच होतं. शेवटी त्यांनी ताकाची वाटी खाली ठेवली, आणि दोरीवर टाकलेल्या धोतराकडे, त्याच्या काळ्या सोग्याकडे पाहिलं.

“हे वंगण कशाने निघतं?”

मावशीच्या हातातली पळी थांबली. तिने असला प्रश्न त्या घरात कधी ऐकला नव्हता.

“आधी गोडेतेल चोळायचं,” कुसुम म्हणाली. “मग साबण.”

“कुणी सांगितलं?”

“फाटकावर. नर्सबाईंनी.”

“हं.” मग हात धुवायला उठता उठता ते म्हणाले, “उद्या मी निघायच्या आत त्यांना विचारून ठेव, धोतराला क्लिप लावतात ती एकाच पायाला लावायची की दोन्ही. मला ग्वाल्हेरला लागेल.” आणि मोरीशी पोचल्यावर, पाठ आमच्याकडे करूनच, “शाळेला कळव, येते म्हणून. इतकी माणसं आहेत वाटेत. मी असून आणखी काय करणार होतो.”

पुणे

परत आल्यावर पहिल्याच सकाळी मी सायकल काढली. पदर समोर घेतला, खोचला, पिन लावली. लकडी पुलावर माझ्यापुढे एक गृहस्थ चालले होते, कोट, टोपी, कॅरियरला छत्री, आणि स्टँड अर्धवट खाली, खडखडत. मी जोरात पॅडल मारून त्यांच्या बरोबरीला गेले.

“अहो, तुमचा स्टँड खाली आहे.”

त्यांनी माझ्याकडे न बघता उत्तर दिलं, “माहीत आहे.”

मी मागे राहिले. पूल संपला, ते कोपऱ्यावर वळले, थांबले, कुणी बघत नाही ना याची दोन्हीकडे खात्री केली, आणि वाकून स्टँड वर घेतला.

मी बघत होते. पण घंटी वाजवली नाही. इंदूरहून आले असले तरी तेवढी पुण्याची मी अजून होते.